पोचल्यावर सोडायचं गाठोडं

आमच्या घरात परदेशी जाऊन आलेला पहिला माणूस मीच, असं मी कॉलेजातल्या एका मित्राला सांगितलं होतं. ते खरं नाही. आम्ही सहाजण गेलो होतो आणि सगळ्यांच्या पुढे माझी आत्या चालत होती. शिवाय तो परदेश म्हणजे विलायत नव्हे, गोवा. पण तिथं राज्य पोर्तुगिजांचं, पोलिसांचे कपडे निराळे, आणि हद्दीवर गाडी थांबवून माणसांची गाठोडी तपासत. आमच्या गावाला परदेश म्हणायला तेवढं पुरेसं होतं.

माझे वडील तर म्हणायचे की मी पुण्याला शिकतो तोही परदेशच. आमचं गाव राजगडाखाली, गुंजवणीच्या काठाला, भोर संस्थानात. नसरापूर सोडून पुण्याच्या बाजूला गेलं की संस्थानची हद्द संपते आणि इंग्रजांचा मुलूख लागतो. "दोन राज्यं तर तू दर सुट्टीला वलांडतोस," आबा म्हणाले, "तिसऱ्याचं एवढं काय भ्या वाटतंय?"

भीती वाटत होती हे मात्र खरं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि नाताळच्या सुटीत अभ्यास करायचा बेत होता. पण घरून निरोप आला : आक्काला आणि तिच्या पोरांना घेऊन गोव्यात मुरगावला जायचं आहे, शिकलेलं माणूस बरोबर हवं.

आक्का माझी थोरली बहीण. तिला गावातच, आत्याच्या घरी दिली होती, त्यामुळे माझी आत्या तीच आक्काची सासू. आत्याचा एकुलता मुलगा, म्हणजे आमचे दाजी, रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार. एका मुकादमाबरोबर ते मुरगावच्या बंदरावर गेले आणि तीन वर्षं तिकडेच राहिले. अधूनमधून पत्र यायचं. शेवटच्या पत्रात त्यांनी कळवलं होतं की आता राहायला स्वतंत्र खोली मिळाली आहे, आणि खोलीचा पत्ता दिला होता. यापुढं काही नाही. या, असंही नाही. येतो, असंही नाही.

त्या पत्राचा आत्याने लावलेला अर्थ असा की पोरगं तिकडं मूळ धरतंय, आणि घट्ट व्हायच्या आत उपटून आणलं पाहिजे. नदीकाठची दोन खाचरं, वरची नाचणीची वरकस जमीन, दोन बैल, हे सगळं ती विधवा बाई एकटी ओढत होती. बायको आणि लेकरं दारात उभी केली की तो मुकाट्याने घरी येईल, असा तिचा बेत होता. आबांनाही तो पटला. आक्काच्या मनात काय आहे हे कोणी विचारलं नाही. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण मीही विचारलं नव्हतं.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना प्रस्थान ठेवतात. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर चांगल्या दिवशी एक लहान गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग आपण दोन-चार दिवसांनी निघालो तरी चालतं. दक्षिणेला जायला जोशांनी बुधवार दिला होता आणि मला सुटी शनिवारी होती. म्हणून बुधवारीच आत्याने सगळ्यांचं मिळून एक प्रस्थान गावकुसाजवळच्या गुरवाच्या घरी नेऊन ठेवलं. मी तेव्हा पुण्याला होतो.

इतर घरांत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एवढ्यावर भागवतात. आत्याचं तसं नव्हतं. तिचं म्हणणं, प्रत्येकाने आपली एक वस्तू त्यात ठेवायची, आणि तीही ज्याच्यावाचून आपलं चालणार नाही अशी. "देवाला काय फसीवता? फाटकं फडकं ठिवायचं आन् म्हणायचं आमी निघालो. निघालो तर खरं निघालं पायजे." आणि दुसरं, ते गाठोडं मुक्कामाला पोचल्याशिवाय सोडायचं नाही.

रविवारी सकाळी आम्ही बैलगाडीने निघालो. गुरवाच्या दारात गाडी थांबली, आत्याने खुंटीवरचं गाठोडं उतरवून मांडीवर घेतलं, ते पुढचे दोन दिवस तिने खाली ठेवलं नाही. लाल अलवणाच्या तुकड्यात बांधलेलं, लांबट, एखाद्या तान्ह्या मुलाएवढं. आक्काच्या कडेला धाकटा, चार वर्षांचा. थोरली सात वर्षांची, ती माझ्याशेजारी बसून विचारत होती, "मामा, समुद्र आपल्या नदीपरीस केवडा?"

"खूप मोठा."

"म्हंजी किती?"

मी समुद्र पाहिलेला नव्हता. "पुस्तकात लिहिलंय," मी म्हटलं. तिचं समाधान झालं नाही आणि खरं म्हणजे माझंही.

नसरापूरला सर्व्हिस मोटार मिळाली. पुण्याच्या स्टेशनावर एक गोष्ट घडली ती सांगून टाकतो. माझ्या वर्गातला एक मुलगा फलाटावर कोणाला तरी पोचवायला आला होता. त्याला पाहिल्यावर मी आमच्या माणसांपासून चार पावलं बाजूला झालो. मुंडासं, कांबळं, भाकरीची दुरडी आणि मोठ्यानं बोलणारी आत्या, यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. तो मुलगा गेला. मी परत आलो तेव्हा आक्का फक्त एवढंच म्हणाली, "उन्हाला गेला व्हतास व्हय?" फलाटावर ऊन नव्हतं.

धाकट्याने बापाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो एक वर्षाचा होता. आपण बापाकडे जातोय एवढं त्याला कळलं होतं, आणि बाप रेल्वेत आहे हेही. त्यामुळे टोपी घातलेला कोणी दिसला की तो बोट दाखवी. "ह्योच का माजा बा?" तिकीट तपासनीस, पाणी देणारा, मिरजेला चढलेला एक पोलीस. सगळ्यांबद्दल विचारून झालं. आबा हसून म्हणाले, "लेका, एवढे बाप करून ठिवलेस तर खऱ्याला जागा कुठं?"

आबा हसले तरी त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बुधवारपासून ते असेच आहेत, आक्का म्हणाली. सारखा हात कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोंढ्याला गाडी बदलली. समोर मडगावची एक बाई बसली होती, बेळगावला लेकीकडे जाऊन परत निघालेली. ती आमच्यासारखं मराठी बोलायची, मधूनच तिची कोकणी यायची. तिने विचारलं, मुरगावात कुठं उतरणार? मी जरा ऐटीत म्हटलं, पत्ता आहे आमच्याकडे. आणि आबांकडे हात पुढे केला. "आबा, दाजींचं पत्र द्या."

आबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवला.

"ह्यात हाय."

"कशात?"

"पस्तानात. त्याच्याबिगर आपुन पोचनार न्हाई, म्हनून त्येच पैलं ठिवलं."

"मग सोडा ना. मी पत्ता उतरवून घेतो."

"पोचल्याबिगर सोडायचं न्हाई."

"पण आत्या, पत्ता पाहिल्याशिवाय पोचायचं कुठं?"

"त्ये तू बघ. शिकलास कशापायी?"

मडगावची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आबाही हसले. मला हसू आलं नाही. दोन वर्षं मी तर्कशास्त्राचं पुस्तक वाचत होतो आणि असा पेच त्यात कुठं आढळला नव्हता. पण राग आला तो स्वतःचा. शनिवारी संध्याकाळी मी घरी पोचलो होतो. पत्र कुठं आहे एवढं विचारायला किती वेळ लागला असता? सगळं माझ्यावर सोपवलेलं, आणि मी मनात कोणत्या स्टेशनाला कोणतं इंग्रजी वाक्य बोलायचं ते जुळवत बसलो होतो.

आक्का मात्र हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. घाटात गाडी वळली तेव्हा कड्यावरून दुधासारखं पाणी पडताना दिसलं. थोरली ओरडली. डब्यातली सगळी माणसं त्या बाजूला झुकली, पण आक्का गाठोड्याकडे बघत होती.

कुळे स्टेशनावर पोर्तुगीज हद्दीची तपासणी होती. एक गोरटेला अंमलदार आणि त्याच्याबरोबर दोन शिपाई डब्यात शिरले. टोपल्या, ट्रंका, वळकट्या उघडून पाहिल्या आणि पाहिलेल्यावर खडूने खूण केली. आमच्या भाकरीच्या दुरडीत हात घालून झाला. मग अंमलदाराने आत्याच्या मांडीकडे बोट केलं.

"हें कितें?"

मी पुढं झालो. मनात जुळवलेलं इंग्रजी वाक्य बोललो, की या गाठोड्यात आमच्या धर्माच्या वस्तू आहेत. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कॉलेजातली दोन वर्षं तिथंच संपली.

त्याने हाताने सोडायची खूण केली. आत्याने गाठोडं पोटाशी धरलं. "न्हाई सोडायचं."

"आत्या, सरकारी माणूस आहे."

"कोनाच्या सरकारचा? आपल्या न्हाई."

अंमलदाराने खाली वाकून गाठोडं बाहेरून दाबून पाहिलं. तांदूळ त्याला कळले असावेत, कारण त्याने मान डोलावली. मग त्याचा हात एके जागी थांबला. त्याने अंगठा आणि बोटांनी काहीतरी चाचपलं आणि शिपायाला काही म्हणाला. मडगावच्या बाईने आम्हाला सांगितलं, "आत लाकडाचा दांडका आहे म्हणतात. कसला म्हणून विचारतात."

"लाकूड?" आत्या म्हणाली. "लाकूड न्हाई ह्यात. म्या स्वता बांधलंय."

"तूच बांधलंस, पर भरलं सगळ्यांनी," आबा हळूच म्हणाले.

आक्काने मान खाली घातली. त्या क्षणी मला वाटलं की तिला विचारावं, पण तेवढ्यात धाकटा बाकावर उभा राहिला. अंमलदाराच्या टोपीवर चकचकीत बिल्ला होता. पोराने त्या टोपीकडे बोट करून खणखणीत आवाजात विचारलं, "आये, ह्योच का माजा बा?"

डब्यात एकच हशा झाला. अंमलदाराने शिपायाला विचारलं, शिपायाने मडगावच्या बाईला, आणि तिने हसत हसत त्याला काहीतरी सांगितलं. तो माणूस कानापर्यंत लाल झाला. मग स्वतःच हसला, पोराच्या गालाला हात लावला आणि गाठोड्यावर खडूने फुली मारून पुढच्या डब्यात गेला.

आत्या ती फुली पदराने पुसत राहिली. "सोवळंओवळं कायबी न्हाई ह्यांना," असं पुटपुटत होती. पण तिचा हात आता फुलीवर नव्हता. त्या लाकडावर होता. तिने ते दोनदा चाचपलं.

मुरगावला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. फलाट संपतो तिथून पुढं लगेच पाणी. मी समुद्राकडे पाहिलं, पण नीट पाहायला वेळ नव्हता. माणसं पांगली. मडगावची बाई मागेच उतरून गेली होती. सहा माणसं, तीन वळकट्या, आणि पत्ता गाठोड्यात.

"आत्या, आता तरी."

आत्याने वर पाहिलं. फलाटावर पत्र्याचं छप्पर होतं. "ह्ये छप्पर कोनाचं?"

"रेल्वेचं."

"माजा ल्योक रेल्वेतच न्हवं?"

"हो."

"मग त्याचंच म्हनायचं. पोचलो आपुन. आता सोडायचं."

अजूनही मला कधी कधी वाटतं की त्या प्रवासात खरा विचार एकट्या आत्यानेच केला.

तिने कांबळं अंथरलं आणि गाठ सोडली. तांदूळ, हळकुंड, सुपाऱ्या. दाजींचं पत्र, चार घड्या घातलेलं. मग आबांची तंबाखूची चंची. आबांनी ती झडप घालून उचलली आणि बुधवारपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला. धाकट्याचा भोवरा. थोरलीचे खेळायचे पाच गजगे. खालच्या खाचरातल्या भाताच्या दोन लोंब्या. त्या आत्याच्या होत्या, मुलाला दाखवायला आणलेल्या. बोटाच्या पेराएवढा पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा निघाला.

"ह्यो तुजा," आत्या मला म्हणाली. "तू न्हवतास. मग तुजं म्हनून काय ठिवायचं? घरात ह्योच घावला. तू साळंत जायचास तवाचा."

मी तो तुकडा उचलला. पुण्याच्या फलाटावर मी ज्यांच्याकडे पाठ केली होती त्यांनी माझं म्हणून हे जपून ठेवलं होतं.

सगळ्यांच्या खाली होता जात्याचा खुंटा. वीतभर लांब, हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला. आत्याने तो उचलला. तो कोणी ठेवला हे वेगळं विचारायची गरजच नव्हती. त्या खुंट्यावर आधी तिच्या सासूचा हात होता, मग तिचा, आणि नंतर आक्काचा.

"ह्यो हितं कशाला?"

आक्का उभी होती. धाकट्याला तिने कडेवर घेतलं होतं, घट्ट. "जातं जड व्हतं," ती म्हणाली.

"म्या जात्याचं न्हाई इचारलं."

"तुमीच म्हनलात आत्या, ज्याच्याबिगर चालायचं न्हाई त्ये ठिवा. खोटं ठिवू नका." मग तिने श्वास घेतला. "मला ऱ्हायाचं हाय हितं. त्ये येनार आसतील तर येतील. त्ये न्हाई आले तर म्याबी न्हाई यायची. तीन सालं दळलं म्या, एकटीनं."

आबा म्हणाले, "पोरी, फलाटावर काय बोलतीस?" पण आत्याने त्यांना हात केला. ती खुंटा हातात फिरवत होती. माझ्या मनात आलं, आता ही भडकणार. तिने बांधलेला बेत तिच्याच गाठोड्यातून मोडून निघाला होता. पण गाठोड्यात जे ठेवलं ते खरं धरायचं हा नियमही तिचाच. तिने तो नुसता दुसऱ्यांसाठी केला नव्हता.

"म्या एकटीनं बारा दळलं," ती शेवटी म्हणाली. "मला कुनी इचारलं न्हाई." आणि खुंटा आक्काच्या हातात दिला. "पत्ता वाच रे."

मी पत्ता वाचला. खोली स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होती, रुळांना लागूनच, कामगारांच्या चाळीत. दाजी दाराशी बसून कंदिलाची काच पुसत होते. आम्हाला पाहून ते उठले, पण पुढं येईनात. धाकट्याकडे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. तो आक्काच्या मानेत तोंड खुपसून बसला. थोरलीच पुढं होऊन म्हणाली, "बा, समुद्र दाव."

आम्ही पाच दिवस राहिलो. दाजी पोरांना रोज पाण्यावर न्यायचे, आणि तिसऱ्या दिवशी धाकटा त्यांच्या खांद्यावर बसून परत आला. आत्याने दाजींना लोंब्या दिल्या. त्यांनी एक दाणा सोलून दाताखाली धरला. "खालच्या खाचरातला?" "व्हय." "दाना भरलाय चांगला." एवढंच. मी वाट पाहत होतो की आत्या आता विचारेल, चल घरी. ती त्याचसाठी इतक्या लांब आली होती. तिने विचारलं नाही, आणि दाजींनी न विचारताच एकदा सांगितलं की भातलावणीला ते रजा काढून येतील. "पंधरा दिस तरी," ते म्हणाले. आत्याने मान हलवली. तिचं दुःख कमी झालं असं मला म्हणता येणार नाही.

निघायच्या दिवशी आबांनी विचारलं की परतीचं प्रस्थान ठेवायचं का. आत्या म्हणाली, "घरला जायाला कसलं पस्तान?" तिघंच परत आलो. गाडीत तिच्या मांडीवर काहीच नव्हतं, आणि हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

पुण्याला मी त्यांना नसरापूरच्या मोटारीत बसवून द्यायला गेलो. त्या दिवशी मी बाजूला उभा राहिलो नाही. हे सांगण्यासारखं मोठं काही नाही, पण खरं आहे म्हणून लिहितो.

होळीला घरी गेलो तेव्हा आक्काचं पत्र आलेलं होतं. दाजींनी लिहिलेलं, वाकड्या अक्षरात. आत्याच्या ओसरीवर बसून मी ते वाचून दाखवलं. पोरांची प्रकृती बरी आहे. थोरलीला समुद्राचं आता काही वाटत नाही. तिकडच्या बाजारात एक जुनं जातं मिळालं. शेवटी लिहिलं होतं : खुंटा बसत नव्हता, जरा तासावा लागला, आता बसला.

आत्या नव्या खुंट्याने दळत होती. बाभळीचा, पांढराच होता अजून. ती थांबली.

"लई तासला का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग इचार की," ती म्हणाली. "लई तासला आसंल तर हाताला धरायला ऱ्हायचा न्हाई. किती तासला, नीट इचार."

मी तिच्यासमोरच कार्ड काढलं आणि पहिल्या ओळीत तेच विचारलं.